जुनी लॅटिन आणि जर्मन गाणी आज गायची तर कशी गायची?

रानजाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. मी म्युनिकला राहते, नोकरीचा याच्याशी काही संबंध नाही, पण दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमतो आणि मध्ययुगातली गाणी गातो. चर्चमधली नव्हे, त्या काळातली लौकिक गाणी, प्रेमाची, दारूची, फाशांच्या जुगाराची, वसंताची, लाचखाऊ बिशपांना झोडपणारी, काही लॅटिनमध्ये काही जुन्या जर्मनमध्ये. ही गाणी आठशे वर्षांपूर्वी लोकांनी खरंच गायली, नुसती लिहून ठेवली नाहीत, आणि आज ती एकतर ग्रंथालयाच्या कपाटात आहेत नाहीतर सिनेमाच्या ट्रेलरमध्ये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा साठा म्हणजे कार्मिना बुराना. म्युनिकपासून दक्षिणेला, कोखेलच्या रेल्वे लाईनवर बेनेडिक्टबॉयर्न नावाचं गाव आहे, तिथे जुना बेनेडिक्टाइन मठ आहे. 1803 मध्ये बव्हेरियाच्या सरकारने मठ ताब्यात घेतले, पुस्तकांची मोजदाद करायला योहान क्रिस्टोफ फॉन आरेटिन गेला आणि त्याला ही पोथी सापडली. लिहिली गेली 1230 च्या सुमारास, बहुतेक आज इटलीत असलेल्या साउथ टिरोलमध्ये किंवा ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कमध्ये. पुढे 1847 मध्ये श्मेलर नावाच्या भाषा-अभ्यासकाने ती छापली आणि कार्मिना बुराना म्हणजे 'बॉयर्नची गाणी' हे नावही त्यानेच दिलं. अडीचशेच्या वर रचना आहेत. नंतर 1934 मध्ये जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या हातात ते छापील पुस्तक पडलं आणि 1937 मध्ये फ्रँकफर्टला त्याची रचना पहिल्यांदा सादर झाली, ती मात्र सगळ्या जगाने ऐकली. ऑर्फचं संगीत भव्य आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण ते ऑर्फचं संगीत आहे. शब्द तेवढे जुने. त्या शब्दांवर जुन्या चाली होत्या, आणि त्यातल्या काही परत मिळवता येतात हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

मला विचारायचंय ते हे. आपल्यातले कितीतरी जण गाणं शिकलेत, भजनी मंडळात आहेत, कीर्तन ऐकत मोठे झालेत. लिखाणात फक्त शब्द आणि चाल मात्र तोंडी, हा प्रकार आपल्याला नवा नाही. अशी अर्धवट लिहिलेली चाल समोर आली तर तुम्ही ती कशी उभी कराल?

कोकणकडा

मस्त धागा. मला ऑर्फचं तेवढं ते सुरुवातीचं धडाडधूम कोरस माहीत होतं आणि मी आजवर तेच मध्ययुगीन समजत होतो. पण एक कळलं नाही, चाली लिहिलेल्याच नाहीत तर तुम्ही गाता काय?

रानजाई

@कोकणकडा, लिहिलेल्या आहेत पण अर्ध्याच. पोथीचे स्कॅन इथल्या राज्य ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेत, कोणीही बघू शकतं. मी पहिल्यांदा झूम करून बघितलं तेव्हा बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. काळ्या शाईतले शब्द, मधेमधे लाल अक्षरं आणि काही गाण्यांवर शब्दांच्या वरच्या फटीत बारीक खुणा, मुंगीने पाय ओढत नेल्यासारख्या, एक ठिपका, एक तिरकी रेघ, एक हुक. यांना न्यूम म्हणतात. खाली रेघा नाहीत, त्यामुळे ही खूण सांगते की इथे आवाज वर गेला, इथे एकाच अक्षरावर तीन सूर घेतले, इथे खाली आला. किती वर, किती खाली ते सांगत नाही. म्हणजे ज्याला चाल आधीच येते त्याने विसरू नये म्हणून केलेली खूण आहे ती. आजी भजनाच्या वहीत शब्दांच्या वर रेघोट्या काढायची, तिच्याशिवाय कोणाला त्यातलं काही कळायचं नाही, अगदी तसं.

मग करायचं काय तर तेच गाणं दुसऱ्या कुठल्या पोथीत आहे का ते शोधायचं. पॅरिसच्या नोत्र दामभोवतीचं संगीत असलेली एक मोठी पोथी फ्लॉरेन्सला आहे, तिच्यात रेघांवर सूर लिहिलेत. तिथे तेच गाणं मिळालं तर आपल्या खुणा त्या सुरांवर ठेवून बघायच्या, जुळल्या की चाल मिळाली. कधी शब्द वेगळे पण घडण तीच असते. 'बाक्खे बेने वेनिएस' हे दारूचं गाणं घ्या, त्याची चाल फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या, बायबलमधल्या डॅनियलवरच्या नाटकातल्या एका गाण्यावरून घेतात. धार्मिक नाटकातली चाल आणि शब्द मद्यदेवाच्या स्वागताचे!

आणि इथेच मला आपली आठवण येते. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून दुसऱ्याच गाण्याची पहिली ओळ छापलेली असते ना, ज्याला ते गाणं येतं त्याला हे पद आपोआप येतं. कार्मिना बुरानात नेमका असा प्रकार दिसतो. लॅटिन प्रेमगीत संपलं की खाली एक जर्मन कडवं, अशी चाळीस-पन्नास ठिकाणं आहेत. जर्मन कडवं चाल दाखवायला ठेवलंय की लॅटिन आधीचं आणि जर्मन नंतरचं यावर अभ्यासकांत वाद आहे, मला स्वतःला पुष्कळ ठिकाणी ती चालीची खूण वाटते.

षड्ज

वाचतोय. ताल काय असतो यात? सुरांचं तुम्ही सांगितलंत पण लय कुठून आणता?

रानजाई

@षड्ज, सगळ्यात मोठं भांडण तिथेच आहे. या खुणांत मात्रा लिहिलेल्याच नसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही पंडितांनी सगळी गाणी एका ठरलेल्या लघु-गुरूच्या साच्यात बसवली, लांब आखूड लांब आखूड, सगळं तीनच्या लयीत. ऐकायला ठेक्यात वाटतं पण चार गाण्यांनंतर सगळी सारखीच वाटायला लागतात. दुसरे म्हणतात प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ द्या. तिसरे म्हणतात बोलल्यासारखं मोकळं गा, वाक्य जिथे थांबेल तिथे थांबा. मी तिसऱ्यांच्या जवळची, पण नाचाचं गाणं असेल तर ठेका हवाच. नाइडहार्ट नावाच्या कवीची उन्हाळ्याची गाणी पोरीबाळी लिंडेनच्या झाडाखाली नाचतायत असं म्हणतात, तिथे मोकळं गाऊन कसं चालेल?

आमच्या पहिल्या कार्यक्रमात आम्ही ठेक्याच्याच मागे लागलो होतो. एक ढोलकं, एक हर्डीगर्डी (चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य), दोन बासऱ्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण नंतर एक वयस्कर बाई येऊन म्हणाल्या की गाणं कशाबद्दल होतं ते मात्र कळलं नाही. त्या जर्मनच होत्या. ते मला फार लागलं. या गाण्यांत सगळी गंमत शब्दांची आहे आणि आम्ही शब्दच बुडवले होते. आता आधी गाण्याचा अर्थ सांगतो, मग एक आवाज आणि एक हार्प किंवा फिडल, बास.

षड्ज

एक शंका अजून. वाल्टर फॉन डेर फोगेलवाइड या मध्ययुगीन जर्मन कवीचं ते प्रसिद्ध गाणं मी मघाशी यूट्यूबवर ऐकलं, पालेस्टीनालीट, म्हणजे पॅलेस्टाईनचं गाणं. ग नि कोमल वाटले, बाकी शुद्ध. सरळ काफी थाट झाला की हा. मी पेटीवर घेऊन बघितलं तर दहा मिनिटांत बसलं.

रानजाई

हो, स्वर तेच. पण दादा, जपून. मी सुरुवातीला तेच केलं आणि माझ्या गळ्यातून आपोआप मींड आणि छोट्या मुरक्या यायला लागल्या. आमच्या गटातल्या फिडलवालीला ते फार आवडलं पण मला पटलं नाही, कारण मग ते काफी ऐकल्यासारखं व्हायला लागलं. या गाण्यात दोन सूर कुठे एकत्र बांधलेत, कुठे सुटे, ते खुणेने स्पष्ट सांगितलंय, तेवढंच घ्यायचं. मला फायदा झाला तो थाटाचा नाही, खालचा सूर धरून ठेवायच्या सवयीचा. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला आधारस्वर सुटत नाही.

या गाण्याची गोष्टही सांगते. शब्द शेकडो वर्षं सगळ्यांना ठाऊक होते. हायडेलबर्गची ती चित्रांची प्रसिद्ध पोथी, मानेसे, तिच्यात 137 चित्रं आहेत, हजारो कडवी आहेत, पण सूर एकही नाही. 1910 मध्ये म्युन्स्टरच्या अभिलेखागारात चर्मपत्राचे तुकडे सापडले, जुन्या कागदपत्रांना वेष्टण म्हणून वापरलेले, आणि त्यांच्यावर वाल्टरच्या या गाण्याची चाल पूर्ण लिहिलेली. वेष्टण म्हणून वापरलं म्हणून वाचलं. बाकीच्यांचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही.

चाल अशी आहे की पहिल्या दोन ओळी, मग तीच चाल पुढच्या दोन ओळींना, मग तीन ओळींचा तिसरा भाग, तो एकदम वरच्या सुरात जातो आणि शेवटची ओळ पुन्हा पहिल्या भागाच्या शेवटावर येऊन टेकते. ते घरी परत आल्यासारखं टेकणं मला अजूनही दर वेळी आवडतं.

आणि आता खरी गंमत. याच गाण्याचं एक कडवं कार्मिना बुरानात आहे, ते एका लॅटिन गाण्याच्या खाली. वाल्टर म्हणतो आता कुठे माझ्या जगण्याला मोल आलं, माझ्या पापी डोळ्यांना ती पवित्र भूमी दिसली. आणि वरचं लॅटिन गाणं म्हणतं:

आल्ते क्लामात एपिकुरुस,
वेंतर सातुर एस्त सेकुरुस,
वेंतर देउस मेउस एरित,
तालेम देउम गुला क्वेरित,
कुयुस तेंप्लुम एस्त कोक्वीना,
इन क्वा रेदोलेंत दिवीना

म्हणजे एपिक्युरस (सुखालाच श्रेष्ठ मानणारा ग्रीक तत्त्वज्ञ) मोठ्याने ओरडून सांगतोय की भरलेलं पोट निर्धास्त असतं, पोटच माझा देव, जिभेला असाच देव हवा असतो, त्याचं देऊळ म्हणजे स्वयंपाकघर आणि तिथे दैवी वास दरवळतात. तीर्थयात्रेच्या गाण्यावर आपण टाळ वाजवावेत आणि शेजाऱ्याने त्याच चालीवर जेवणाची आरती म्हणावी तसं.

अभंगवेडा

रानजाई ताई, मी लॅटिन अजिबात जाणत नाही पण तुम्ही देवनागरीत लिहिलंत म्हणून अक्षरं मोजली. आल्-ते-क्ला-मात-ए-पि-कु-रुस. आठ. वेंतर सातुरचीही आठ. दोन दोन ओळींचं यमक. अहो हा आपला लहान अभंग आहे! जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले, आठ-आठ आणि शेवटी यमक. उच्चारातली अक्षरं मोजायची, लघु-गुरू बघायचे नाहीत.

राहवलं नाही म्हणून प्रयत्न केला, चुकलं असेल तर सांगा.

एपिक्युर हाक मारी
पोट भरे चिंता वारी
पोट हाच देव माझा
जिभेचाही तोच राजा
चूल त्याचे देवालय
गंध येतो दिव्यमय

आपल्याकडे जेवायला बसताना उदरभरण नोहे म्हणतात, हा गृहस्थ उदरभरण हेच यज्ञकर्म म्हणतोय. दोघांना शेजारी बसवावंसं वाटतं.

रानजाई

अभंगवेडा, खरंच डोळ्यांत पाणी आलं. 'चूल त्याचे देवालय' वर मी थांबलेच. मूळात कोक्वीना म्हणजे मुदपाकखाना आहे पण चूल जास्त जवळची. गुरुवारी हे गटाला ऐकवणार, परवानगी आहे ना?

अभंगवेडा

अहो परवानगी कसली, आनंदच आहे.

बर्फाळ वाट

उशिरा आलो. मी कोलोनला असतो, इथे 1977 मध्ये बेंजामिन बॅग्बी आणि बार्बरा थॉर्न्टन यांनी सेक्वेंशिया हा मध्ययुगीन संगीताचा गट सुरू केला, म्हणून थोडं लिहितो. त्यांच्या आधी तुमच्या म्युनिकमध्ये 1960 च्या सुमारास टॉमस बिंकलीने स्टुडिओ डेर फ्र्यूएन म्युझिक हा गट उभा केला. 1964 ची त्यांची कार्मिना बुरानाची रेकॉर्ड आजही ऐकतो. बिंकलीने उत्तर आफ्रिका आणि अंदालुसियाच्या जिवंत परंपरेकडे बघून वाद्यांचे पूर्वरंग, मधले तुकडे बसवले. आज अभ्यासक म्हणतात ते जास्त झालं, पुरावा नाही. मान्य. पण त्याने ही गाणी रंगमंचावर आणली नसती तर आज वाद घालायलाही कोणी नसतं.

न्यूमबद्दल एक भर. केंब्रिजच्या ग्रंथालयात अकराव्या शतकातली लॅटिन गाण्यांची पोथी आहे, कँटरबरीच्या मठातली. तिचं एक पान 1840 च्या आसपास एका जर्मन अभ्यासकाने काढून नेलं, ते पुढे फ्रँकफर्टच्या ग्रंथालयात ओळखलं गेलं आणि 1982 मध्ये केंब्रिजला परत आलं. त्या पानावर बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या 'तत्त्वज्ञानाचं सांत्वन' मधल्या कवितांवर न्यूम होते. सॅम बॅरेट नावाच्या केंब्रिजच्या संगीत अभ्यासकाने त्यावर वीसेक वर्षं काम केलं, शेवटचा टप्पा बॅग्बीबरोबर. म्हणजे कागदावर शक्यता मांडायच्या आणि बॅग्बीने हार्प घेऊन गाऊन बघायचं, हे बोटांना जमतंय का, आवाजाला जमतंय का. एप्रिल 2016 मध्ये केंब्रिजला ती गाणी गायली. नुसत्या ग्रंथालयात बसून ते झालं नसतं, नुसत्या गायकालाही जमलं नसतं.

त्याच पोथीत अर्धी ओळ लॅटिन अर्धी ओळ जुनी जर्मन असं एका नन आणि एका धर्मगुरूचं प्रेमगीत आहे, आणि ते कोणीतरी मुद्दाम खोडून शाई फासून ठेवलंय. लोकांनी त्यातले तुकडे वाचून काढलेत. मला ते गाणं कधीतरी पूर्ण ऐकायचंय.

धूमकेतू

मी मेटल ऐकणारा माणूस. माझी ओळखच या गाण्यांशी इन एक्स्ट्रेमो आणि कोर्वुस कोराक्स या जर्मन बँडमुळे झाली. बॅगपाइप, इलेक्ट्रिक गिटार, ढोल. त्यांच्यामुळे मी वाल्टर शोधला, त्यांच्यामुळे मी आज हा धागा वाचतोय. एक आवाज एक हार्प हे मला पटतंय पण त्याने विशीतला पोरगा येणार आहे का?

रानजाई

@धूमकेतू, तुमचं अगदी बरोबर आहे आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पोरं तिथूनच येतात. आमच्या गटातले दोघं तसेच आले. माझं म्हणणं एवढंच की तिथे थांबू नका. ते मोठ्या मैदानासाठी केलेलं गाणं आहे, वाल्टर मात्र दरबारात, मोजक्या माणसांसमोर, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत गायचा. त्याच्या 'उंडर डेर लिंडेन' (लिंडेनच्या झाडाखाली) मध्ये मुलगी सांगते की आम्ही कुठे भेटलो ते फक्त मी, तो आणि एक छोटा पक्षी यांनाच ठाऊक, आणि मधेमधे बुलबुलासारखं 'तांदाराडाय' येतं. ते हळूच म्हणायचं असतं. पहिल्या कडव्यात तांदाराडाय म्हणजे नुसता पक्षी, शेवटच्या कडव्यात तोच शब्द म्हणताना मुलगी लाजलेली असते. ढोलावर ते जमत नाही.

मनवा

सगळं आवडलं पण एक टोचतंय म्हणून लिहिते. पालेस्टीनालीट हे क्रुसेडचं, म्हणजे पवित्र भूमीसाठी ख्रिस्ती लोकांनी केलेल्या धर्मयुद्धाचं गाणं आहे. पुढच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि इतर सगळेच ही भूमी आमचा वारसा म्हणतात आणि हक्क आमचाच खरा असंही आहे. आजच्या काळात ते नुसतं गोड चाल म्हणून गायचं?

रानजाई

मनवा, यावर आमच्यात खूप बोलणं झालंय. मी आधी फक्त पहिलं कडवं गायचे, बाकीची सोडून द्यायची. मग गटातला एक जण म्हणाला की सोडलंस तर लोकांना वाटेल हे निरागस यात्रेचं गाणं आहे, ते जास्त वाईट. त्याचं पटलं. आता ते शेवटचं कडवं आम्ही गात नाही, वाचतो. वाद्यं थांबवायची, सरळ बोलीत वाचायचं, जर्मन भाषांतर लगेच. हॉलमध्ये शांतता पसरते. मग लॅटिन एपिक्युरस.

मनवा

वाचण्याची कल्पना पटली. धन्यवाद.

षड्ज

ताई, उच्चारांचं काय करता? लॅटिन तर प्रत्येक देशात वेगळं.

रानजाई

जर्मन प्रदेशातली पोथी म्हणून जर्मन पद्धतीचं लॅटिन. 'वेरिस दुल्त्सिस इन तेंपोरे', इटालियन पद्धतीने तेच दुल्चिस होईल. मराठी माणसाला हे सोपं, चिमणीचा च इटालियन आणि चांगल्याचा च जर्मन! जुन्या जर्मनमध्ये सिख्ट, गिख्ट असा ख घशातून येतो, तोही आपल्याला अवघड नाही.

कोकणकडा

गुरुवार होऊन गेला, काय झालं?

रानजाई

सांगते. अडचण अशी आली की वाल्टरचं कडवं सात ओळींचं आणि लॅटिन सहा ओळींचं, चालीत एक ओळ उरते. लॅटिनला आम्ही शेवटची ओळ दोनदा घेतो, मग मराठीलाही तेच केलं, 'गंध येतो दिव्यमय' एकदा वरच्या सुरात आणि एकदा खाली येत. भजनात शेवटचा चरण फिरवतात तसं झालं, फारच छान बसलं.

सगळ्यांना रोमन लिपीत लिहून दिलं होतं आणि च म्हणजे त्स असं सांगून ठेवलं होतं. 'चूल' पहिल्या फटक्यात बरोबर, 'हाच' बरोबर. आणि मग सगळे मिळून 'त्सिंता वारी'. चिंतेचा च वेगळा हे सांगायलाच विसरले होते. तीनदा म्हणून घेतलं तेव्हा चिंता आली, पण 'भरे' चं 'बरे' अजून होतंय. पुढच्या गुरुवारी त्यावर बसणार आहोत, मग रेकॉर्डिंग इथे टाकते. अभंगवेडा, दुसरं कडवंही करून द्याल का? मूळ शब्द आणि अर्थ रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अभंगवेडा

पाठवा. वही काढून बसलोय.